निकषात न बसलेला बाजार

कंपनी तुमच्या बाजारात येत नाही, हे उद्योग कक्षाच्या साहेबांनी हसत हसत सांगितलं. वर सगळ्यांसाठी चहाही मागवला.

नगरपालिकेच्या सभागृहात पुढच्या रांगेत बटणवाल्या काकू बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी. मागे घड्याळवाले, छत्रीवाले, किल्लीवाले, सगळी गल्ली. क्षणभर कुणाला काही उमजेना. नकार द्यायचा तर माणूस निदान तोंड पाडून देतो. हा गृहस्थ चक्क खुशीत होता.

कंपनी तंबू शिवणारी होती. तिला नवी इमारत नको होती. एकाला एक लागून असलेली रिकामी दुकानं हवी होती. मधल्या भिंती पाडायच्या आणि शिलाई मशिनं बसवायची. भिंती पाडून देऊ, वीज देऊ, कर माफ करू, असं शहरानं कबूल केलं होतं. अट एकच. बाजार बसलेला हवा. जिथे बहुतेक दुकानांना टाळं लागलंय, तिथेच ही सवलत. ही अट ऐकून गल्ली आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दैन्यावर खूश झाली.

"आपल्याइतकं बसलेलं दुसरं कोण आहे?" छत्रीवाले तेव्हा म्हणाले होते. "आपण तर आडवेच झालोय."

काकूंच्या मुलीचा हात शिवणात सफाईचा. पण इथे शिवून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिनं दूरच्या एका शहरात कारखान्यातली नोकरी धरली होती. सोमवारी निघायचं होतं. तिथे बायकांना राहायला खोली मिळते, पण मुलांना आणू देत नाहीत. तिची लेक चार वर्षांची. ती आजीकडे राहणार असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे लेकीला कुणी विचारलं नव्हतं. कंपनी इथे आली तर भरलेली बॅग उघडायची आणि कपडे परत कपाटात ठेवायचे, एवढंच मायलेकींचं बोलणं झालं होतं. काकूंनी आशा बाळगणं कधीच सोडून दिलं होतं. या वेळी मात्र त्या भुलल्या.

दुकान त्यांच्या नवऱ्यानं उभं केलेलं. धंद्याबद्दल वंगाळ शब्द, 'बंद' तर मुळीच, तोंडातून काढायचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद असे. नवरा गेला, गिऱ्हाईक गेलं. बटणांच्या बरण्या घरी पलंगाखाली गेल्या. ताकीद तेवढी राहिली. गल्लीतल्या सगळ्याच जुन्या दुकानदारांचं थोडंफार असंच होतं.

काकू उभ्या राहिल्या. "साहेब, येत नाही म्हणजे? का येत नाही?"

साहेब तरुण होता, परक्या मुलखातून आलेला. इथली भाषा तो पुस्तकांतून शिकला होता. बोलायचा इतका शुद्ध, की ऐकणाऱ्याला आपणच चुकतोय असं वाटावं. पण मनानं चांगला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कक्षात येऊन बसायचा.

"काकू, तुमचा बाजार निकषात बसत नाही."

"बसत नाही काय, बसलाच आहे की!" छत्रीवाले मागून ओरडले. थोडं हसू फुटलं आणि तिथेच विरलं.

"सवलत बुडालेल्या बाजारासाठी आहे," साहेब म्हणाला. "तुमचा तर उत्तम चालला आहे. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. कंपनीने काल शेजारच्या शहराशी करार केला. सह्याही झाल्या. तिथली परिस्थिती खरोखर वाईट आहे." तपासणीत काही निघालं नाही हे डॉक्टरनं सांगावं, तसा त्याचा चेहरा होता.

मुलीनं पर्स खांद्याला अडकवली आणि आईचा हात धरला.

"आई, चल. अजून पोरीचे कपडे वेगळे काढायचेत."

हे ऐकून काकूंना राग आला, इतक्या वर्षांचा साठलेला.

"कुणी सांगितलं हो तुम्हाला, उत्तम चाललंय म्हणून? गल्लीत येऊन बघितलंत का एकदा तरी? शटरं गंजून गेलीत आमची!"

साहेबाचं हसू मावळलं. "येणारच होतो. पण कंपनीला घाई होती. म्हणून मी स्वतः प्रत्येकाला फोन केला. दुकानाचं काय, एवढंच विचारलं. बंद केलं, असं एकानेही सांगितलं नाही."

घड्याळवाल्यांनी मान खाली घातली. किल्लीवाले उगाच छताकडे बघायला लागले. काकू गर्रकन मागे वळल्या.

"काय रे हे? एवढी कसली लाज वाटली तुम्हाला? दोन शब्द खरे बोलायला काय जीव जात होता? माझी पोर चालली ना आता!"

छत्रीवाले वाकून चपला शोधायला लागले.

"त्यांना रागावू नका, काकू," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला. "सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तुम्हीसुद्धा. 'दुकान वाढवलं,' असं म्हणालात. मी तुमचं अभिनंदन केलं, तर तुम्ही फोनच ठेवून दिलात."