उलटा फोटो

"साहेब, दोन्ही हात मांडीवर ठेवा!" विलासराव सवयीने ओरडले. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढून हे वाक्य जिभेवर बसलेलं. समोर खुर्चीत बसलेल्या पाहुण्या हवालदारांची उजवी बाही मात्र रिकामी होती.

जखमी जवानांच्या मदतीसाठी साताऱ्यातल्या फोटोग्राफरांनी हे प्रदर्शन भरवलं होतं, शेवटी फोटोंचा लिलाव होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं विलासरावांना झालं.

"एक ठेवतो. दुसरा सीमेवर राहिलाय," म्हणत हवालदारच खो खो हसले. "आता तुम्हाला शिक्षा! सगळे फोटोग्राफर उभे राहा. फोटो मी काढणार."

जन्मभर लोकांना उभं करणारे ते पंधरा जण ढकलाढकली करत उभे राहिले, पण आपले हात कुठे ठेवावेत हेच कुणाला कळेना! कॅमेऱ्याचं बटण उजवीकडे. हवालदारांनी कॅमेरा खुशाल उलटा धरला आणि बटण डाव्या हाताशी आणलं. "हसा!" म्हणायची गरजच नव्हती.

फोटोत सगळे खाली डोकं वर पाय! लिलावात सर्वांत मोठी बोली त्यालाच लागली.

"सरळ करून फ्रेम करू ना?" विलासरावांनी विचारलं.

बोली जिंकलेल्या शिक्षिकाबाई कडाडल्या, "खबरदार! आहे तस्साच टांगणार."