डब्यातलं कडं

खांदा चोळत वज्रवीर घरात शिरला आणि बायकोला म्हणाला, "सुलभा, कोसळता पूल धरला होता मी, अन् एकदम अर्धी शक्तीच गेली. तू कडं घातलंस की काय?"

त्यांच्या घराण्यात जादूची कडी दोन होती, शक्ती मात्र एकच. दोघांनी घातली की ती निम्मी-निम्मी व्हायची. म्हणून सासूसारखंच सुलभानंही लग्नापासून आपलं कडं तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. त्यांच्यावरच्या कॉमिक्समध्येही उडायचा तो एकटा वज्रवीरच.

"घातलं. नदीपर्यंत उडून आले. पुलावरची माणसं?"

"वाचली सगळी. शेवटपर्यंत धरला मी पूल."

"अर्ध्या शक्तीनं?"

"हो," तो हळूच म्हणाला.

कडं न काढताच तिनं त्याला भात वाढला.

"मग इतकी वर्षं माझं कडं डब्यात कशाला होतं?"