पेट्रोलचा काटा

"अहो, विमानतळापर्यंत पेट्रोल पुरेल ना?" बायकोने पुन्हा विचारलं. पहिल्या नोकरीवर निघालेली लेक मागच्या सीटवर पासपोर्ट घट्ट धरून बसली होती. नवऱ्याने डॅशबोर्डकडे बोट केलं. रविवारी त्याने स्वतः बसवलेल्या एलईडी दिव्यांच्या निळ्या उजेडात काटा अर्ध्यावर ठसठशीत दिसत होता.

पुढच्याच चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. काटा अजून अर्ध्यावरच होता.

"दिवे बदलताना काटे काढावे लागले होते," नवरा पुटपुटला.

"आणि परत लावताना?"

"अंदाजाने लावले. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून फुल्लवरच लावणार होतो, पण ते तुला पटलं नसतं."