खातरजमा

बातमी छापणार नसल्याचे सांगण्यासाठी वार्ताहर तिच्या घरी पोहोचला, तेव्हा दार तिच्या सासऱ्यांनी उघडले. "या. सूनबाई घरातच आहे हल्ली सकाळची," ते म्हणाले, आणि बसा असे न म्हणताच आत निघून गेले.

वार्ताहर उभाच राहिला. गेले चार दिवस त्याला अन्न गोड लागले नव्हते. याच खोलीत उभे राहून त्याने तिला विचारले होते, की 'तुरटी' म्हणजे तुम्हीच ना.

तुरटी हे टोपणनाव शहरात सर्वांना ठाऊक होते. जवळजवळ रोज सकाळी सात वाजता या नावाने कोणीतरी मोबाइलवर नळाच्या पाण्याचे खरे आकडे प्रसिद्ध करी. गढूळपणा किती, क्लोरीन किती, कोणत्या भागाने पाणी उकळून प्यावे. पाणीपुरवठा कार्यालयाचे आकडे वेगळे असत, आणि ते कोणी वाचत नसे. वार्ताहराने या व्यक्तीचा माग काढला तो निव्वळ चिकाटीने. वर्षभराचे आकडे त्याने कागदावर मांडले. मंगळवारी ते कधीच येत नसत. जलशुद्धीकरण केंद्रातल्या चार तपासनिसांपैकी मंगळवारची सुटी एकीचीच होती.

तिने नाकारले नव्हते. ती एवढेच म्हणाली होती, की नाव कळले की लोक आकडे वाचायचे सोडून मला वाचतील. माझे माहेर, माझा नवरा, माझे कोणाशी वाकडे आहे, हे वाचतील. हा युक्तिवाद वार्ताहराला खोडता आला नाही, आणि खोडता न आलेला युक्तिवाद त्याला स्वस्थ बसू देत नसे.

"वीस वर्षांत तुझ्या हातून एक बातमी सुटली नाही, आणि आता हातातली सोडतोस? ताप आहे का?" संपादकांनी विचारले होते. वाद दोन दिवस चालला. स्वतःचे पाप झाकणारे टोपणनाव फाडणे हे आपले काम आहे, असे वार्ताहराचे म्हणणे. पाणी जपून प्या म्हणून सांगणारे टोपणनाव फाडणे ही केवळ चहाडी. अखेर संपादकांनी वैतागून सांगितले, की घाल मग त्या बातमीचे लोणचे.

आज सकाळी तर त्याचे मन अधिकच हलके झाले होते. पूर्व भागाबद्दलचे आपले मागचे आकडे चुकले, पाणी शुद्ध आहे आणि हे आपले शेवटचे लिखाण, असे तुरटीने जाहीर केले होते. बाई थकली असेल, असे त्याने मनाशी म्हटले. तो राहायला पूर्व भागातच होता. उगीच गॅस कशाला जाळतेस, असे बायकोला सांगून त्याने नळाचे पाणी तसेच भरायला लावले.

ती बाहेर आली. आत मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होते आणि झाकण खडखडत होते. वार्ताहराने एका दमात सांगून टाकले. बातमी छापली जाणार नाही. टिपणे त्याने फाडून टाकली आहेत. तिचे नाव त्याच्या तोंडून कधीही बाहेर पडणार नाही. झाल्या त्रासाबद्दल त्याने क्षमाही मागितली.

"आमच्या अधीक्षकांना फोन तुम्हीच केला होतात ना?" तिने विचारले.

केला होता. जिथे माणूस काम करतो तिथून खातरजमा झाल्याशिवाय त्याचे नाव लिहायचे नाही, हा त्याचा नियम होता. या नियमापायी वीस वर्षांत त्याच्यावर एकही दुरुस्ती छापण्याची वेळ आली नव्हती. फोनचे कारणही त्याने सांगितले नव्हते. तिचे नाव घेऊन, मंगळवारी सुटी असणाऱ्या तपासनीस बाई त्याच ना, एवढेच विचारले होते. अधीक्षकांनी अदबीने हो म्हटले, आणि वर आभार मानले.

आभार कशाचे, हे त्याला आता कळले.

ती आवाज न चढवता सांगत गेली. त्या फोननंतर तासाभरात तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेण्यात आली. तिची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली, दुपारच्या पाळीला. काल अधीक्षकांनी तिला समोर बसवून तुरटीचे शेवटचे लिखाण शब्द न् शब्द सांगितले, आणि तिच्याच बोटांनी लिहून घेतले. या पूर्व भागातले पाणी प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा वाईट आहे. नोकरीच्या भीतीने तिने लिहून दिले. आज सकाळी शेजारणीने तेच पाणी न उकळता तान्ह्या बाळाला पाजले, आणि ती भीती संपली. पण आता दुसऱ्या टोपणनावाने कितीही ओरडले, तरी विश्वास कोण ठेवणार? पाणी शुद्ध आहे, हे तर तुरटीनेच सांगून ठेवले आहे.

"माझ्या तोंडाने, माझ्या नावानिशी सांगितलं तरच लोक ऐकतील," ती म्हणाली. "छापा माझं नाव. फोटोही काढा."

वार्ताहर गडबडला. नोकरी जाईल, असे तो म्हणाला. शिवाय आपण संपादकांना शब्द दिला आहे. टोपणनावाआडच्या माणसाला उघडे पाडणे नीतीला धरून नाही, हे दोन दिवस वाद घालून त्यांना पटवले आहे. बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"ज्यांना कळायला नको होतं, त्यांना तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "आणि ज्यांना कळायला हवं, त्यांच्यापासून आता मला लपवताय."