लाईट गेली तर

प्रिंटर करकर करत कागद सोडत होता आणि प्रविण मोकल त्यात स्वतःची वाक्यं शोधत होता. पहिल्या पानावर एकही नव्हतं. दुसऱ्यावर एक सापडल्यासारखं वाटलं, पण नीट वाचलं तर तेही कुणीतरी उकलून नव्यानं शिवलेलं.

"पुस्तकावरचं 'लेखक' काढलंय मी," नमिता म्हणाली. पेणमधला हा कॉम्प्युटर क्लास तिचा. "आता शेवटी सगळ्यांची नावं. तुझंही आहे."

नावांचं पान तिनं आधीच छापून टेबलावर ठेवलं होतं. प्रविणनं ते उचललं. त्याच्या नावाखाली कुणी बाबाजी म्हात्रे होते.

"हे कोण?"

"जिते गावचे. मॉडेमचं पान त्यांनीच सुधारलं."

प्रविणनं पान परत टेबलावर ठेवलं. लिनक्स ही कुणीही फुकट वापरावी आणि कुणीही सुधारावी अशी कॉम्प्युटरची प्रणाली. एका मासिकाबरोबर तिची सीडी आली, तेव्हा रोह्याला कंपनीतल्या शिफ्टा सांभाळून त्यानं ती चालवून दाखवली आणि घरच्या कॉम्प्युटरवर ती कशी घालायची याचं मराठीत पुस्तक केलं. पुस्तक म्हणजे पिन मारलेली झेरॉक्सची पानं. तळाला त्यानंच लिहिलं होतं, 'चुका दिसल्या तर कळवा.' आता हे आपण जाता जाता 'या एकदा जेवायला' म्हणतो, त्यातलंच. लोक खरंच येऊन पाटावर बसतील असं त्याला थोडंच वाटलं होतं?

पण लोक आले. जित्याहून पोस्टकार्ड आलं, कोलाडहून फोन आला. मॉडेम बदलले, पडदे बदलले, नवी सीडी घालताना प्रश्नच वेगळे विचारायला लागली. आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. चुकीचं असतं तर भांडता आलं असतं. नमिता एकेक दुरुस्ती फ्लॉपीत घालत गेली, आणि आज ही नवी आवृत्ती निघत होती.

"मग माझंही काढ," तो म्हणाला. "माझं त्यात उरलंय काय? उगाच शोभेला नाव कशाला?"

त्याला वाईट वाटत होतं आणि ते लपवायचाही त्यानं प्रयत्न केला नाही. नमितानं त्याची समजूत घातली नाही. तिला तेवढा वेळही नव्हता.

"काढते. एवढं छापून होऊ दे."

तेवढ्यात लाईट गेली. प्रिंटर अर्ध्या ओळीत थांबला, पंखा फिरत फिरत बंद पडला. यूपीएसनं केव्हाच मान टाकली होती. कोपऱ्यातल्या मशीनवर वरसे गावचे हैबतराव नळाच्या पाण्याचा अर्ज टाईप करत होते. कंपनीतून रिटायर झाल्यापासून ते रविवारी इथं शिकायला यायचे. तेही बसल्या जागी थांबले.

पाचेक मिनिटांत लाईट परतली. हैबतरावांचा पडदा उजळला आणि त्यावर इंग्रजी ओळी भराभर धावू लागल्या. प्रविण खुर्चीतून उठलाच. इथंच माणसं घाबरतात, बटण दाबून सगळं बंद करतात, आणि खरं नुकसान तेव्हाच होतं.

"काका, बटणाला हात—"

"नाय लावत," हैबतराव म्हणाले. त्यांनी हात आधीच मांडीवर घेतले होते. "काय गो नमिता, चहा सांग बरं."

"आत्ता?"

"आत्ताच तर. पुस्तकात लिवलंय." त्यांनी पिशवीतून घडी पडलेली पानं काढली, चष्मा वर सरकवला आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं. "'लाईट गेली तर घाबरू नका. परत आली की कॉम्प्युटर आपलं आपण तपासून घेतो. त्याला तपासू द्या. तोवर एक चहा घ्या.'"

प्रविण तसाच उभा राहिला. ते त्याचं होतं. सीडीबरोबरच्या मूळ इंग्रजी कागदांत लाईट जाण्याबद्दल एवढं काही नव्हतंच. लिहिणाऱ्यांकडे ती जात नसावी. रोह्याला जायची, म्हणून त्यानं लिहिलं होतं.

"हे नव्यातही ठेवलंस तू?" त्यानं नमिताला विचारलं.

"काढायला कुणी सांगितलंच नाही. बाकी सगळ्यावर लोकांनी बोट ठेवलं, ह्याच्यावर नाही."

प्रविणला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यानं स्वतःच खाली टपरीवर जाऊन चहा आणला. तिघांनी तो घेतला. पेले रिकामे झाले तरी पडद्यावरच्या ओळी आपल्या चालूच.

"चूक हाय पण ह्यात," हैबतराव म्हणाले.

"कशात?"

"ह्या चहात. आता डिस्का मोठ्या झाल्या. पोरानं घरी नवीन आणलीय, तिचं पण एका चहात भागत नाय. दोन लिवा."

नमितानं हसू दाबलं. प्रविण पडद्याकडे बघत राहिला. तपासणी अजून अर्ध्यावरसुद्धा आली नव्हती. म्हातारा बरोबर बोलत होता. प्रविणनं त्यांच्या हातातली पानं घेतली, खिशातलं पेन काढलं, 'एक'वर काट मारली आणि वर 'दोन' लिहिलं.

नमिताच्या मशीनची तपासणी आधी उरकली आणि प्रिंटर पुन्हा करकरायला लागला. नमितानं फ्लॉपी सरकवली आणि की-बोर्ड जवळ ओढला.

"हं, बोल. तुझं नाव काढायचंय ना?"

प्रविणनं नावांचं पान उचललं. सगळ्यात खाली थोडी जागा होती.

"काका," तो म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव सांगा."