पाच हात लांब

“आत यायची लाज वाटत असेल तर आलात कशाला?”

बाबा प्रयोगशाळेच्या गेटबाहेर झाडाखाली उभे होते. एवढ्या उन्हात गळ्याला मफलर. तोंडात लिंबाची गोळी, ती या गालातून त्या गालात चाललेली.

“तूच म्हणालीस, या,” ते म्हणाले. आवाज पार बसलेला.

“या म्हणजे आत या. गेटवर उभं राहायला आमच्याकडे वॉचमन आहे.”

ती दोन पावलं पुढं झाली. ते दोन पावलं मागं सरकले. वॉचमनने तोंड वळवलं, पण कान इकडंच ठेवले.

आठवडाभर घरात हेच चाललं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, तिला सातवा महिना, म्हणून ती आईबाबांकडे राहायला आली होती. येते असा फोन केला तेव्हाच आई अडखळली होती. “पुढच्या महिन्यात ये ना,” म्हणाली. ती ऐकते कशाला, बॅग घेऊन दारात हजर.

त्याच रात्री बाबांनी गादी उचलली आणि गच्चीवरच्या खोलीत नेली. ताट-वाटी वेगळी. कपडे वेगळे, तेही स्वतःच धुवायचे. ती हॉलमध्ये आली की ते उठायचे. तिने केलेला चहा आई वर नेऊन द्यायची आणि ते कप स्वतःच विसळून वरच ठेवायचे.

कारण तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, तेव्हा बाबा आले नव्हते. आता पोट दिसायला लागलं, तसा राग परत वर आला.

“थोडे दिवस जाऊ दे,” आई म्हणायची. “महिनाअखेरीला होतील नीट.”

“राग काय कॅलेंडर बघून उतरतो का?”

यावर आई भांडी घासायला लागायची. घासलेलीसुद्धा.

आज सकाळी तिने गच्चीच्या जिन्याखाली उभं राहून, वर ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं, “आज आमच्याकडे शाळेची मुलं येणारेत लॅब बघायला. घरच्यांनाही बोलावलंय. बाबांना म्हणावं, या आणि बघा मुलगी काय काम करते. नाही आले तर मी संध्याकाळी मैत्रिणीकडे निघाले. नातवाचं तोंड मग फोटोत बघा.”

बॅग भरून गाडीच्या डिकीत टाकली होती. धमकी नुसती नव्हती.

आता ते आलेत, तर गेटबाहेर.

“उभे राहा मग,” ती म्हणाली आणि आत गेली.

आत नुसता कल्ला. गणवेशातली पोरं प्रत्येक टेबलाला मुंग्यांसारखी चिकटलेली. तिचं टेबल बियांचं. कोंब कसा फुटतो ते ती भिंगाखाली दाखवत होती. पार्टिशनच्या पलीकडे किरणं मोजायचं यंत्र होतं आणि तिथं होता एक दाढीवाला संशोधक. त्याला सगळे दाढीच म्हणायचे. त्याचं भाषण ती सकाळपासून चौथ्यांदा ऐकत होती.

“हे यंत्र या दगडापाशी टिकटिक करतं. जुन्या चमकत्या घड्याळापाशी करतं. कॅन्सरवरची एक गोळी असते, ती घेतलेला माणूस आला तरी करतं. फक्त माझ्या सासूबाईंपुढं गप्प बसतं. तिथं आम्ही सगळेच गप्प बसतो.”

पोरं खिदळली.

“मॅडम, बी गिळली तर पोटात झाड येतं?” तिच्या टेबलावरच्या एका बुटक्या पोराने विचारलं.

“मॅडमनी गिळलीय,” दुसरा म्हणाला. “बघ ना.”

ती पोट धरून हसली. आठवड्यात पहिल्यांदाच. हसता हसता वर बघितलं तर खिडकीच्या काचेपलीकडे, कॉरिडॉरच्या लांबच्या भिंतीला टेकून, बाबा. आत आले होते. तेही हसत होते. नजरानजर झाली आणि ते चालायला लागले.

तिने भिंग पोरांच्या हातात दिलं आणि त्यांच्या मागं गेली.

ते मागच्या जिन्याशी पोचले होते.

“थांबा. एकदाच सांगा. राग माझा आहे की बाळाचा?”

“राग नाही गं.”

“मग एका खोलीत का बसत नाही? पाच हात लांब का असता? मला काय रोग झालाय?”

बाबांनी गोळी गालात फिरवली.

तेवढ्यात दाढी यंत्र घेऊन बाहेर आला, मागं पोरांची रांग. त्यांना पुढच्या खोलीत जायचं होतं. यंत्र त्याच्या हातात आळसावल्यासारखं अधूनमधून टिक करत होतं. जिन्याकडे यायला लागला तसं ते भराभर बोलायला लागलं.

“माझा दगड कोणी ढापला रे? काढा बाहेर.”

पोरांनी रिकामे हात दाखवले. एकाने खिसेही उलटे केले. दाढीने यंत्र पोरांकडे वळवलं. आवाज पडला. तिच्याकडे वळवलं. पडलेलाच. मग त्याने ते जिन्याकडे धरलं.

पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज सुटला.

दाढीने पटकन बटण बंद केलं. “मुलांनो, मागं व्हा. सगळे खोलीत,” तो म्हणाला. पोरं गेली. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “काका, ती कॅन्सरवरची गोळी कधी घेतलीत?”

ती पुढं धावली. बाबांनी पंजा आडवा धरला आणि उलट्या पावलाने एक पायरी उतरले. त्यात मफलर सरकला. गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टाक्यांची लाल रेघ होती, ताजी.

“तिथंच थांब, ठमे,” ते म्हणाले. “मला आता निघायला हवं.”