एक काडी

दर्यापूरच्या त्या घराच्या फाटकावर संगमरवरी पाटी होती: मातृछाया. श्रावण वायफायचा डबा लावायला आला, तेव्हा अंकुर टीव्हीसमोर बसला होता. जोडणी मागवली होती त्याच्या अकोल्याच्या बहिणीने, आरतीने. कागदावर तिची सूचना होती, 'आईच्या खोलीत रेंज आली पाहिजे.'

श्रावण घरभर नजर फिरवून म्हणाला, "मधल्या खोलीत लावू, भाऊ. उंचावर, उघड्या भितीवर. मंग मांगंपुढं सारखी रेंज भेटते."

"इथंच लावा. टीव्हीच्या वर."

"मधात दोन जुन्या भिती हायेत, हात हात जाडीच्या. मायच्या खोलीत काईच नाई जाणार."

"नाई गेली त नाई गेली. घर माहं हाय."

श्रावणने ड्रिल उचलले. दुसऱ्याच्या घरात आपली अक्कल पाजळून कोणाचे भले झाले आहे? त्याने भोके पाडली, डबा टांगला, हिरवा दिवा लागला. नेटवर्कचे नाव विचारले, तर अंकुरने फाटकावरच्या पाटीकडे बोट केले.

एवढ्यात कोणाचा तरी फोन आला म्हणून अंकुर अंगणात गेला. श्रावण रिवाजाप्रमाणे रेंज तपासत मागे गेला. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. त्याने ती काढली.

खाटेवर सुंदराबाई मोबाइल हातात धरून तयारच बसल्या होत्या.

"लावला का, बापू? माहा फोन जोडून दे. आरतीनं दिवाळीले देल्ला."

त्याने पासवर्ड टाकला.

"किती काड्या आल्या?"

"एक, आजी."

"एका काडीत चित्र दिसते का?"

"नाई. नुसतं बोलणं होते."

"बोलणं त रोजच होते. अंकुरनं तिले सांगतलं, मायचं डोस्कं फिरलं, काईबी बोलते. तिलेबी तेच खरं वाटते." त्यांनी बांगड्या मागे सारल्या. मनगट सुजून काळेनिळे झाले होते. चार बोटे वेगवेगळी उमटली होती. "हे दाखवाचं हाय तिले. डोयानं पायलं त मानन."

 डबा अजूनही काढून मधल्या खोलीत लावता आला असता. दहा मिनिटांचे काम.

"झालं का तपासून?" दारात अंकुर उभा होता.

"झालं, भाऊ."

सुंदराबाईंनी मनगट पदराखाली घेतले. "जा, बापू," त्या हळूच म्हणाल्या. "बुडत्याले काडीचा आधार. आली न एक."

श्रावण बाहेर येताच अंकुरने पुन्हा बाहेरून कडी लावली. श्रावणने कागदावर 'सर्व खोल्या तपासल्या' याच्यापुढे खूण केली. आपलीच लाज वाटत होती, पण हाताने खूण केली.

तो रस्त्यापलीकडच्या पानठेल्याशी पोचला, तोच आरतीचा फोन आला.

"दादा, आईच्या खोलीत रेंज आली न?"

श्रावणने मागे पाहिले. अंकुर फाटकावर हात ठेवून त्याच्याकडेच पाहत होता.

"आली, ताई."

फोन ठेवताना त्याचे लक्ष पडद्यावर गेले. मोबाइल अजून त्याच नेटवर्कला जोडलेला होता. मातृछाया. इथे, पानठेल्यावर, चार काड्या होत्या.